पहिल्या भेटीत कोणती संग्रहालये पाहावीत? इन्नंबूर, कुंभकोणम आणि तंजावर

इतिहासाच्या विद्यार्थ्याला एखाद्या नव्या शहरात दोनच दिवस मिळाले तर त्याने कोणती संग्रहालये पाहावीत? या पाठात आपण हा प्रश्न कावेरीच्या खोऱ्यात नेऊन पाहणार आहोत. तमिळनाडूतील कुंभकोणम हे आपले मुक्कामाचे गाव. तंजावर तेथून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. बस आहे, रेल्वेही आहे. मराठी विद्यार्थ्याला हा प्रदेश परका वाटायचे कारण नाही. १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत भोसले घराण्याची गादी तेथे होती.

प्रवासमार्गदर्शक पुस्तके अशा वेळी यादी देतात: कलादालन, राजवाडा, दरबार हॉल, घंटामनोरा, ग्रंथालय. यादी खोटी नसते, पण ती तुम्हाला दिवसभर पळवते आणि संध्याकाळी डोक्यात काहीच शिल्लक ठेवत नाही. म्हणून माझी सूचना वेगळी आहे. या प्रदेशात संग्रहालय निवडू नका, जोडी निवडा. एका ठिकाणी वस्तू असेल आणि दुसऱ्या ठिकाणी तिचा हिशेब, अशी जोडी. असे का म्हणतो ते समजण्यासाठी सुरुवात एका खेड्यापासून करू.

इन्नंबूर हे कुंभकोणमजवळ, स्वामीमलैच्या बाजूला असलेले लहान गाव. येथे संग्रहालय नाही. शिवाचे एक जुने मंदिर आहे. संबंदर आणि अप्पर या दोन्ही शैव संतकवींनी त्याची स्तुती गायिली आहे. देवाचे नाव एळुत्तरिनादर. तमिळमध्ये 'एळुत्तु' म्हणजे अक्षर आणि 'अरि' म्हणजे जाणणे. अक्षर जाणणारा देव. संस्कृतात त्याला अक्षरपुरीश्वर म्हणतात. स्थळपुराण असे सांगते की एका चोळ राजाच्या हिशेबनिसावर राजाचा संशय आला. खर्चाचा मेळ दाखव, अशी आज्ञा झाली. घाबरलेला हिशेबनीस देवाला शरण गेला आणि देवाने त्याचे रूप घेऊन राजापुढे चोख हिशेब मांडला. आजही पालक मुलांना अक्षरओळखीसाठी येथे आणतात.

कथेला ऐतिहासिक पुरावा मानायचा नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण कथा कोणत्या समाजात सुचते हे पाहणे इतिहासाचेच काम आहे. देव युद्धात धावून आला, दुष्काळात धावून आला, अशा कथा सगळीकडे सापडतात. येथे तो जमाखर्च जुळवायला धावून आला. ज्या मुलखात मंदिराच्या प्रत्येक दिव्याच्या तुपाचा हिशेब दगडावर कोरून ठेवत, त्याच मुलखात ही कथा शोभते.

तो दगड पाहायचा तर तंजावरचे बृहदीश्वर मंदिर. राजराज पहिला याने इ.स. १०१० मध्ये ते पूर्ण केले. मंदिराच्या अधिष्ठानावरून तमिळ लेखांच्या ओळीच्या ओळी धावतात. राजाने, त्याची बहीण कुंदवै हिने, राण्यांनी आणि अधिकाऱ्यांनी दिलेल्या धातुमूर्तींची त्यांत नोंद आहे: मूर्ती कोणाची, उंची किती, हात किती, पीठ कसे, दागिन्यांत मोती किती आणि त्यांचे वजन किती. अशा साठांहून अधिक मूर्ती लेखांत आहेत. मंदिरासाठी ठिकठिकाणच्या देवळांतून आणलेल्या ४०० नर्तिकांची नावेही आहेत, आणि कोण कोणत्या गल्लीत राहील हेसुद्धा. संग्रहालयशास्त्रात ज्याला आपण नोंदवही म्हणतो, ती येथे भिंतीवर आहे. मात्र नोंदवहीतल्या बहुतेक मूर्ती आता नाहीत.

आणि तेथून चालत जाता येईल अशा अंतरावर, राजवाड्यातल्या कलादालनात, उलट परिस्थिती आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या या दालनात चोळकालीन कांस्यमूर्ती खोल्या भरून आहेत, पण त्या ज्या भिंतींपुढे उभ्या होत्या त्या भिंती तेथे नाहीत. एकीकडे वस्तूविना हिशेब, दुसरीकडे हिशेबाविना वस्तू. यांपैकी एकच पाहिलेत तर अर्धेच पाहिलेत.

कलादालनात शिरलात की सगळ्या मूर्तींपुढे सारखा वेळ घालवू नका. माझ्या मते एका मूर्तीला तरी अर्धा तास द्यावा: तिरुवेंकाडु येथील वृषभवाहन शिव. इ.स. १०११ च्या सुमारास ती ओतली. जटा सापांनी बांधून पागोट्यासारख्या गुंडाळल्या आहेत, एक पाय दुसऱ्यावर सैल टाकला आहे आणि उजवा हात हवेत टेकलेला आहे. हवेत, कारण ज्या नंदीच्या पाठीवर तो हात होता तो नंदी नाही. शेजारी पार्वती आहे. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना नंदी नसल्याचे बहुधा जाणवतच नाही, इतका तो हात स्वस्थ आहे. ही मूर्ती तिरुवेंकाडुच्या मंदिर परिसरात जमिनीखाली पुरलेली सापडली. आक्रमणाच्या भीतीने मूर्ती पुरून ठेवण्याची पद्धत या भागात होती. चौदाव्या शतकातील दिल्लीच्या स्वाऱ्यांशी अभ्यासक तिचा संबंध जोडतात. पुरणारे गेले, जागा सांगणारे गेले, आणि म्हणून मूर्ती वाचली. ती मंदिराला दिल्याची माहिती मात्र तिरुवेंकाडुच्याच शिलालेखांत आहे. म्हणजे येथेही वस्तू तंजावरात आणि नोंद गावात.

पण या दालनात जाण्यापूर्वी, आदल्या दिवशी, स्वामीमलैला जा. क्रम महत्त्वाचा आहे. येथे स्थपतींची घराणी आजही मेणाचा साचा करून मूर्ती ओततात. प्रथम नारळाच्या झावळीच्या पट्टीला घड्या घालून मूर्तीची मापे काढतात. मग मेण आणि राळ यांच्या मिश्रणातून पूर्ण मूर्ती घडवतात. तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मऊ मातीचे थर देतात, वर जाडी माती चढवतात, तारा बांधतात. साचा तापवला की मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. शेवटी साचा फोडावा लागतो; म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. चोळांच्या मूर्ती आतून भरीव असतात हेही येथेच लक्षात येते, कारण कारागिराला ती उचलायला मदत लागते. हीच पद्धत संस्कृत ग्रंथांत 'मधूच्छिष्ट' म्हणजे मेण या नावाने येते आणि तिचे एक तपशीलवार वर्णन 'मानसोल्लास' या ग्रंथात आहे. तो बाराव्या शतकातील कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा. कल्याणी हे नाव ध्यानात ठेवा. ते लगेच पुन्हा येणार आहे.

स्वामीमलैचे कारखाने संग्रहालये नव्हेत. तेथे लोक कामात असतात आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न असतो. विचारून आत जा, तापलेल्या साच्यापासून दूर उभे राहा, आणि काही घेणार नसाल तर तासभर कोणाचा वेळ अडवू नका.

कुंभकोणमच्या दुसऱ्या बाजूला दारासुरम आहे. दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वर मंदिर, २००४ पासून जागतिक वारसास्थळ. ६३ नायन्मार संतांच्या कथा तेथे वीतभर उंचीच्या पट्ट्यांत कोरल्या आहेत. येथील काही शिल्पे आता तंजावरच्या कलादालनात आहेत. त्यांतला एक द्वारपाल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो चोळ शैलीचा नाही. त्याच्या पायाशी तमिळ लेख आहे. विजयराजेंद्र देवाने कल्याणपुर जाळून हा द्वारपाल आणला, असा त्याचा आशय. विजयराजेंद्र म्हणजे चोळ राजा राजाधिराज पहिला. अकराव्या शतकाच्या मध्याला त्याने चालुक्यांची राजधानी कल्याणी लुटली. ती कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याच्या सीमेला लागून. इकडच्या एका देवळाचा किंवा वाड्याचा राखणदार तिकडे विजयचिन्ह म्हणून गेला, दारासुरमला येऊन पोचला आणि शेवटी संग्रहालयात उभा राहिला.

येथे वस्तू आणि तिची नोंद एकाच दगडावर आहेत, म्हणून ही जोडी दुर्मीळ. आणि नोंद जेत्याने लिहिलेली आहे, हेही विसरू नये. संग्रहालयातील वस्तू 'कोठून आली' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी सौम्य शब्दांत दिलेले असते: प्राप्त झाली, जमा झाली. येथे जाळून आणली असे सरळ लिहिले आहे. युरोपातील मोठ्या संग्रहालयांत गेलात तर इतका स्पष्ट फलक क्वचितच दिसेल.

हिशेब असण्या-नसण्याने काय फरक पडतो, याचे अगदी अलीकडचे उदाहरण याच भागात आहे. कोळ्ळिडम नदीपलीकडे अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंदान नावाचे गाव आहे. तेथील मंदिरातील चोळकालीन नटराज चोरीला गेला आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे ५० लाख डॉलरना विकत घेतला. विक्रेत्याने मूर्तीचा खोटा पूर्वेतिहास कागदावर तयार केला होता. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी गावोगावच्या मंदिरांतील मूर्तींची छायाचित्रे काढून ठेवली होती. ती पुढे आली, मूर्ती तीच आहे हे ठरले आणि २०१४ मध्ये नटराज भारतात परतला. खोट्या कागदाला खऱ्या नोंदीने हरवले. अशाच मूर्तिचोरीच्या एका खटल्यात कुंभकोणमच्या न्यायालयाने २०२२ मध्ये न्यूयॉर्कचा कलाव्यापारी सुभाष कपूर याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

कुंभकोणममध्ये अशा परत आलेल्या आणि असुरक्षित मंदिरांतून हलवलेल्या मूर्तींसाठी सरकारी सुरक्षा केंद्र आहे. शहरातला कदाचित सर्वांत मोठा मूर्तिसंग्रह तोच, पण तो तुमच्या यादीत येऊ शकत नाही, कारण ते प्रदर्शन नव्हे, कोठी आहे. भाविकांचे म्हणणे असते की देव कुलुपात ठेवू नयेत. पोलिसांचे म्हणणे असते की रिकाम्या देवळात ठेवले तर उद्या परदेशात दिसतील. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. यावर तुम्ही काय मत बनवता ते श्रीपुरंदानसारखे एखादे ओस देऊळ पाहिल्यावर बनवा, आधी नको.

आता मराठी कागदांकडे वळू. यासाठी तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल. ग्रंथालयाची सुरुवात नायक राजांच्या काळातली, पण त्याला आजचे रूप दिले ते दुसऱ्या सरफोजी राजांनी. ते १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, तनखा आणि वेळ उरला. त्यांनी तो वेळ पुस्तके जमवण्यात, वैद्यकात, छपाईत घालवला. १८०५ मध्ये देवनागरी छापखाना काढला. इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' याच छापखान्यातले. जगाचा भूगोल सांगणारे 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक त्यांनी रचले. डोळ्यांच्या रोग्यांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या. काशीयात्रेत पोथ्या गोळा केल्या.

ग्रंथालयाचे छोटे संग्रहालय सर्वांसाठी खुले असते: ताडपत्रे, चित्रे, नकाशे, आणि माणसांचे चेहरे प्राण्यांच्या चेहऱ्यांशी ताडून पाहणारी फ्रेंच चित्रकार ल ब्रँ याची चित्रे. ही चित्रे पाहून लोक हसतात आणि पुढे जातात. तुम्ही थांबा. पॅरिसमधला हा विचार एका मराठी राजाच्या कपाटात कसा आला, हा चांगल्या निबंधाचा विषय आहे.

पण खरा ठेवा काचेत नाही. हजारांहून अधिक मोडी रुमाल येथे आहेत: पगार, मुदपाकखाना, देणग्या, छत्रे. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी अन्न-निवाऱ्याची जागा. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांत प्रसिद्ध. कोणत्या दिवशी किती तांदूळ शिजला हे लिहिणारा कारकून मराठी, जेवणारे बहुतांशी तमिळ. मराठी हिशेबनीस पुढे कंपनीच्या कचेऱ्यांतही शिरले. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव याच मराठी कारभारी वर्गातले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे ते दिवाण झाले.

हे कागद वाचायला मराठी, मोडी आणि तमिळ संदर्भ तिन्ही लागतात. अशी माणसे थोडी आहेत. महाराष्ट्रात मोडी शिकणाऱ्याला तंजावरची स्थळे आणि नावे अडतात. तंजावरकराला मोडी अडते. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर खंडांत छापले, म्हणून तमिळ अभ्यासकांना ते आज उपयोगी पडतात. मराठी विद्यार्थी मात्र आपल्याच भाषेतल्या या कागदांपर्यंत क्वचित पोचतो. मूळ कागद पाहायचे असतील तर आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी लागेल. विषय नेमका लिहा, 'मराठ्यांचा इतिहास' एवढेच लिहू नका.

हा संग्रह टिकला याचेही थोडे आश्चर्य वाटले पाहिजे. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुरुष वारस न ठेवता वारले. कंपनीने राज्याबरोबर राजवाड्यातली खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की जप्ती ही राज्यसत्तेची कृती आहे, तिचा न्याय न्यायालय करू शकत नाही. कायद्याचे विद्यार्थी हा निवाडा आजही वाचतात. या उलथापालथीत ग्रंथालय जागेवरच राहिले. तंजावरचे न्यायाधीश ए. सी. बर्नेल यांनी तेथील संस्कृत पोथ्यांची वर्गीकृत सूची केली, ती १८८० मध्ये छापली गेली. १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले.

मोडी रुमालांची जोडी कोणती? पुन्हा बृहदीश्वर. मंदिराच्या आवारातील भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला मराठी लेख आहे, 'भोसले वंशचरित्र'. बाबूराव चिटणीस यांनी तो तयार केला. आठशे वर्षांपूर्वी राजराजाने जेथे दानाचा हिशेब कोरला, तेथेच सरफोजींनी आपल्या घराण्याचा इतिहास कोरला. कारभार हातातून गेल्यावर चारच वर्षांनी हे घडले, म्हणून त्याकडे केवळ कुळाचा अभिमान म्हणून पाहणे मला पटत नाही. गादीवरचा हक्क वादात सापडलेला, चुलते अमरसिंग यांच्याशी झगडा झालेला, इंग्रजांवर अवलंबून असलेला राजा जगाला सांगत होता की आम्ही कोण. भिंतीवरचा लेख राजाने लोकांना सांगायचे ते सांगतो. रुमालातला कागद तांदळाचा भाव सांगतो. दोन्ही एकाच दिवशी पाहिलेत तर स्रोतचिकित्सेचे प्रकरण वेगळे शिकावे लागणार नाही.

वाटेत वाटाड्या तुम्हाला सांगेल की सांबार संभाजीराजांच्या पाहुणचारासाठी तंजावरच्या राजवाड्यात जन्माला आले. गोष्ट चवीला चांगली, पुराव्याला कच्ची. ऐका, जेवा, वहीत लिहू नका.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. कुंभकोणममध्ये सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर श्रीनिवास रामानुजन यांचे घर जपले आहे. पाऊण तास पुरे. घर येथे, पण त्यांच्या वह्या चेन्नईत आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात; १९७६ मध्ये सापडलेली 'हरवलेली वही' ट्रिनिटीतलीच. तंजावरात श्वार्ट्झ चर्चमध्ये फ्लॅक्समनने घडवलेले संगमरवरी शिल्प आहे: मृत्युशय्येवरचे पाद्री श्वार्ट्झ आणि शेजारी त्यांचा शिष्य सरफोजी. सरस्वती महालात रमलात तर हे आवर्जून पाहा. दरबार हॉल आणि घंटामनोरा पहिल्या भेटीत सोडले तरी चालतील. तेथे इमारत देखणी आहे, पण वाचायला फारसे नाही.

म्हणजे पहिला दिवस इन्नंबूर, स्वामीमलै, दारासुरम आणि वेळ उरला तर रामानुजन यांचे घर. दुसरा दिवस तंजावर: सकाळी कलादालन, मग सरस्वती महाल, आणि ऊन उतरल्यावर बृहदीश्वर. तिरप्या उजेडात कोरलेली अक्षरे स्पष्ट दिसतात. देवळे दुपारी बंद असतात आणि संग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी वेगवेगळी असते. निघण्यापूर्वी फोन करून विचारा.

स्वाध्याय: तुमच्या जिल्ह्याच्या संग्रहालयातील एक वस्तू निवडा. ती ज्या गावातून आली तेथे जाऊन तिच्याबद्दल काय लिहिलेले, कोरलेले किंवा सांगितलेले सापडते ते दोन पानांत मांडा. फलकावरच्या मजकुराशी ते जुळत नसेल तर दोन्ही मजकूर शेजारी शेजारी लिहा.